माणिकबागेचे महाराज : यशवंतराव होळकर (दुसरे)

इंदुरातील माणिकबाग मार्गावर केंद्र सरकारच्या कर खात्याचे एक कार्यालय आहे. फायली, नोटिसा, सुनावण्या असे तेथील दिवसाचे स्वरूप. नव्वद वर्षांपूर्वी मात्र याच वास्तूची छायाचित्रे युरोपातील वास्तुकलेच्या नियतकालिकांत छापून येत होती. भारतातील अगदी आरंभीच्या वातानुकूलित निवासस्थानांत तिची गणना होते. माळव्याच्या पठारावर, वैशाखातील कोरड्या झळा आणि श्रावणातील ओल या दोहोंना दाराबाहेर ठेवणारे घर बांधण्याचे धाडस ज्यांनी केले, ते इंदूर संस्थानाचे शेवटचे अधिपती महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) होत. गोवा मुक्त होण्याच्या अवघे दोन आठवडे आधी, ५ डिसेंबर १९६१ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे आयुष्य त्रेपन्न वर्षांचे. त्यातला मोठा भाग परदेशात गेला. तरीही त्यांचे नाव निघाले की इंदूरकरांना रुग्णालय, तलाव आणि क्रिकेट आठवते, तर जगाला आठवते ती माणिकबाग.

होळकरांचा वारस

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या मल्हाररावांनी अठराव्या शतकात माळव्यात उभी केलेली सत्ता, अहिल्याबाईंचा धर्मपरायण आणि न्यायी कारभार, पहिल्या यशवंतरावांची इंग्रजांशी झुंज असा वारसा या नावामागे होता. वडील तिसरे तुकोजीराव हे हौशी, खर्चिक आणि आधुनिक वृत्तीचे राजे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडून त्यांनी इंदूर शहराचा विकास आराखडा करवून घेतला आणि सी. के. नायडू यांच्यासारख्या खेळाडूला संस्थानात आणले.

तुकोजीरावांची कारकीर्द मात्र एका खुनाच्या प्रकरणात संपली. इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगम हिच्यासोबत असलेले मुंबईचे व्यापारी अब्दुल कादर बावला यांची १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर हत्या झाली. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी, असे दोनच पर्याय ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या नावे राज्यत्याग केला. यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. राज्यकारभार काही वर्षे मंत्रिमंडळाच्या हाती राहिला आणि मे १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

त्यापूर्वी, १९२४ साली, त्यांचा विवाह कागलच्या घाटगे घराण्यातील कन्येशी झाला होता. सासरी त्या संयोगिताबाई झाल्या. मराठा आणि धनगर या दोन समाजांत सोयरीक घडावी, हा राजर्षी शाहू महाराजांचा आग्रह या विवाहामागे होता. विवाह पार पडला तेव्हा शाहू महाराज हयात नव्हते. परंतु त्यांनी योजिलेली ही सोयरीक मोडली नाही. वर-वधू दोघेही वयाने लहान होते. दोघांचेही पुढील शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. यशवंतराव चार्टरहाऊस शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिकले. सडपातळ, उंच बांध्याचा हा तरुण मितभाषी आणि संकोची होता. फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोन्व्हेल याने त्यांचे एक चित्र पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात काढले आणि काही वर्षांनी दुसरे मराठा दरबारी वेशात. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की त्यांच्या आयुष्यातील ओढाताण वेगळी सांगावी लागत नाही.

बर्लिनचा स्थपती

ऑक्सफर्डच्या दिवसांत यशवंतरावांची ओळख एकार्ट मुथेसियस या जर्मन तरुणाशी झाली. मुथेसियसचा जन्म १९०४ चा; म्हणजे तो महाराजांहून चारच वर्षांनी मोठा. त्याचे वडील हेर्मान मुथेसियस हे इंग्लिश घरांवरील ग्रंथामुळे आणि जर्मन कारागीर व उद्योजकांच्या वेर्कबुंड या संघटनेमुळे युरोपभर ख्यातनाम झालेले वास्तुतज्ज्ञ होते. मुलाच्या नावावर मात्र तेव्हा फारसे काम नव्हते. तरीही इंदूरच्या महाराजांनी आपल्या नव्या निवासस्थानाची जबाबदारी या पंचविशीतल्या स्थपतीवर सोपवली.

होळकरांना राजवाड्यांची वाण नव्हती. शहराच्या मध्यभागी सात मजली जुना राजवाडा होता आणि खान नदीच्या काठी युरोपीय थाटाचा, झुंबरांनी आणि सोनेरी नक्षीने भरलेला लालबाग महाल होता. तरुण दांपत्याला त्या वैभवात राहायचे नव्हते. त्यांना हवे होते साध्या रेषांचे, मोकळ्या खोल्यांचे, विसाव्या शतकाचे घर. १९३० ते १९३३ या काळात माणिकबागेत ते आकाराला आले. इमारतीचे अनेक भाग आणि सामान जर्मनीत तयार होऊन जहाजाने मुंबईला आणि तेथून इंदूरला आले. दिव्यांपासून दरवाजाच्या मुठीपर्यंत बहुतेक गोष्टींची रेखाटने मुथेसियसने स्वतः केली.

घरातील सामानाची यादी आज कोणत्याही संग्रहालयाला हेवा वाटावा अशी होती. एमिल-जाक रुलमान या पॅरिसच्या नामांकित कारागिराने महाराजांच्या अभ्यासिकेसाठी मकासर एबनी या काळ्या, रेघाळ लाकडाचे सामान घडवले. लुई सोन्यो आणि शार्लोट अलिक्स यांनी धातू आणि काच यांचे पलंग बनवले. ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोट पेरियाँ यांची आरामखुर्ची, आयलीन ग्रेची खुर्ची, इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे, झाँ प्यिफोर्काची चांदीची भांडी असा सारा संग्रह पाहता पाहता जमला. मुथेसियसने स्वतः रेखलेल्या लाल कृत्रिम चामड्याच्या आरामखुर्च्यांत वाचनासाठी दिवेच बसवलेले होते.

माळव्याचे दोन ऋतू

हे सारे सामान पॅरिस आणि बर्लिनच्या हवेत घडलेले होते. त्याला राहायचे होते इंदुरात. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरील या शहराच्या रात्री सुखद असतात, म्हणूनच माळव्याच्या रात्रीची ख्याती आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत दिवसा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की चित्र पालटते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब होते. वर्षाकाठी एक हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस बहुतांशी याच तीन-साडेतीन महिन्यांत येतो.

लाकूड हवेतील ओल पिते आणि सोडते. कोरड्या हवेत ते आकसते, दमट हवेत फुगते. एकसंध फळी हे सोसून घेते. पण मूळ लाकडावर सरसाने चिकटवलेला मौल्यवान लाकडाचा पातळ थर या ओढाताणीत सुटू लागतो. लोकरीच्या गालिच्यांना कसर आणि कुबट वास, चामड्याला बुरशी, धातूला गंज असे ज्याचे त्याचे दुखणे ठरलेले. काचेचे, अॅल्युमिनियमचे आणि कृत्रिम चामड्याचे सामान या परीक्षेत तुलनेने टिकाऊ. एबनीचे मात्र नाजूक. म्हणून माणिकबागेत थंडाव्याच्या जोडीला हवेतील ओल काबूत ठेवण्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता.

माळव्यातील घरांना उन्हाळ्यावरचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक होता. दारांना आणि खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावायचे आणि त्यांवर पाणी शिंपत राहायचे. झळ त्यातून आत येताना पाण्याची वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि आत सुगंधी गारवा पसरतो. एप्रिल-मेमध्ये या उपायाला तोड नाही, कारण कोरड्या हवेला ओलाव्याची गरजच असते. जुलैमध्ये तोच उपाय निरुपयोगी ठरतो. हवा आधीच ओलीने भरलेली असल्याने पाण्याची वाफ होत नाही आणि घरात फक्त दमटपणा वाढतो.

यंत्राने हवा हाताळण्याची विद्या तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर या अभियंत्याने जी यंत्रणा आखली, तिचा मूळ हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हताच. दमट हवेत कागद फुगून रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत, म्हणून हवेतील ओल स्थिर ठेवणे हे तिचे काम होते. गारवा हा त्या उद्योगाचा जोडलाभ. वातानुकूलन या विद्येचा जन्मच असा आर्द्रतेच्या प्रश्नातून झाला आहे.

बंद घराचे गणित

दारे-खिडक्या घट्ट बसणाऱ्या, बाहेरच्या हवेपासून तोडलेल्या घराचे गणित उघड्या घराहून वेगळे असते. उन्हाळ्यातील दुपारी ४० अंश तापमानाच्या आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला साधारण पावणेआठ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा २४ अंशांपर्यंत थंड केली, तर वाफ तेवढीच राहते, पण आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. हा आकडा शरीराला सुसह्य आहे. लाकडाला थोडी अधिक ओल हवी असते.

पावसाळ्यात ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. २२ अंशांच्या हवेत वाफ मावते ती जेमतेम साडेएकोणीस ग्रॅम. उरलेली वाफ पाणी होऊन कुठेतरी बसणारच. ती यंत्राच्या थंड नळ्यांवर बसली आणि निचऱ्यातून बाहेर गेली तर ठीक. भिंतीवर, काचेवर किंवा कपाटामागे बसली तर काही दिवसांत तेथे काळे डाग उमटतात. शिवाय एवढ्याने हवा कोरडी होत नाही. २२ अंशांना आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणायची, तर वाफ दर घनमीटरला अकरा ग्रॅमच्या खाली न्यावी लागते. त्यासाठी नळ्यांचे तापमान १२ अंशांच्याही खाली हवे आणि ओल काढलेली अतिथंड हवा पुन्हा थोडी उबदार करून किंवा मिसळून खोलीत सोडावी लागते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा एका साध्या खोलीतील हवा एकदा अशी कोरडी करायची म्हटली तरी पाऊण लीटरहून अधिक पाणी बाहेर पडते. दार उघडले, माणसे आली, स्वयंपाक झाला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र जितके लहान आणि सतत चालणारे, तितकी ओल अधिक निघते. गरजेहून मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते आणि ओल मागे ठेवते. म्हणून उन्हाची उष्णता मुळातच आत येऊ न देणे ही पहिली पायरी ठरते. माणिकबागेत उन्हाची प्रखरता मंदावणारी रंगछटेची काच खिडक्यांना बसवली होती. आज छताखाली, पोटमाळ्यात फवारून बसवला जाणारा पॉलियुरेथेनचा फोम मुथेसियसच्या हाती नव्हता. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या पदार्थाचे रसायन शोधले ते १९३७ साली, माणिकबाग पूर्ण झाल्यानंतर चार वर्षांनी. फोमने छप्पर बंद झाले की उष्णता अडते, पण घरातील ओलीची वरून निघून जाण्याची वाटही बंद होते. ओलसर हवा कोरड्या हवेहून हलकी असल्याने ती वर चढते आणि पोटमाळ्याच्या टोकाला साचते. अशा घरात पोटमाळा हा घराचाच एक भाग मानून तेथील हवाही खेळती आणि कोरडी ठेवावी लागते.

सुखाची चार वर्षे

माणिकबाग पुरी झाली त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३३ मध्ये, पॅरिस येथे यशवंतराव आणि संयोगिताबाईंना कन्यारत्न झाले. तिचे नाव उषा. मान रे या अमेरिकन छायाचित्रकाराने या दांपत्याची जी छायाचित्रे टिपली आहेत, त्यांत राजेपणाचा आव कुठेही नाही. एकमेकांच्या सहवासात रमलेले दोन तरुण जीव तेवढे दिसतात. मुथेसियसने त्यांच्यासाठी रेल्वेचा डबा, विमानाचा अंतर्भाग अशीही कामे रेखली.

याच काळात महाराजांच्या मनात एका ध्यानमंदिराची कल्पना आकार घेत होती. पॅरिसमधील शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी याची आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची शिल्पे त्यांनी घेतली होती. एक ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या. ही तीन शिल्पे एका शांत, जलाशय असलेल्या मंदिरात ठेवावीत आणि त्या मंदिराची रचना ब्रांकुशीनेच करावी, असा बेत होता.

१९३७ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाईंचे निधन झाले. वय अवघे विशीतले. मुलगी चार वर्षांचीही झालेली नव्हती. त्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊन राहिला, पण मंदिराचे काम पुढे सरकले नाही. शिल्पकार परत गेला, बेत कागदावरच राहिला. त्या तीन पक्ष्यांपैकी संगमरवराचे दोन पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने खरेदी केले आणि ते कॅनबेराला गेले. दुसरे महायुद्ध तोंडावर आल्यावर १९३९ मध्ये मुथेसियसचाही इंदूरशी संबंध संपला.

राजा आणि त्याचे शहर

यशवंतरावांवर परदेशवारीचा आणि संस्थानाकडे दुर्लक्षाचा आरोप त्यांच्या हयातीतच होत असे आणि तो निराधार नव्हता. प्रकृती नाजूक असल्याने आणि मन लागत नसल्याने ते महिनोन्महिने युरोपात, पुढे अमेरिकेत राहत. माणिकबागेवर आणि कलावस्तूंवर झालेला खर्च शेवटी रयतेच्याच करातून आलेला होता, हेही विसरता येत नाही. ज्या वर्षांत महालातील हवा यंत्राने स्वच्छ आणि कोरडी केली जात होती, त्याच वर्षांत इंदूरच्या कापड गिरण्यांतील कामगार उष्ण आणि दमट खात्यांत उभे होते. सूत तुटू नये म्हणून गिरणीत मुद्दाम ओल राखावी लागते. एकाच शहरात ओलीचा हिशेब असा दोन टोकांचा होता.

दुसऱ्या बाजूला शहराच्या पदरात त्यांच्या कारकिर्दीत बरेच काही पडले. गंभीर नदी अडवून १९३९ मध्ये झालेल्या यशवंत सागर तलावाने इंदूरच्या पाण्याची मोठी चिंता मिटवली. १९३४ मध्ये यशवंत क्लबची स्थापना झाली. १९३५ चे मराठी साहित्य संमेलन औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली इंदुरात भरले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या शहराने किती हक्काचे घर दिले होते, याची ती साक्ष आहे. शहरातील सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय आजही महाराजा यशवंतरावांचे नाव धारण करून आहे.

वडिलांनी लावलेल्या क्रिकेटच्या रोपट्याचा वृक्ष मुलाच्या काळात झाला. सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखालील होळकर संघात मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू होते. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार वेळा या संघाने रणजी करंडक जिंकला. संस्थान विलीन झाल्यानंतरही काही वर्षे रणजीच्या मैदानावर होळकर हे नाव दबदबा राखून होते.

राजकारणात यशवंतरावांनी एकदा सर्वांना चकित केले. १९४२ साली त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून ब्रिटन आणि भारत यांच्यातील वादात अमेरिका, चीन आणि रशिया यांनी मध्यस्थी करावी, असे सुचवले. ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वाखाली बसलेल्या एका संस्थानिकाने युद्धकाळात असे पत्र लिहावे, हे दिल्लीतील सरकारला रुचले नाही. या पत्राने घटनाक्रम बदलला नाही. पण संकोची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाची ही कृती नोंद घेण्याजोगी होती.

गादीचा शेवट

खाजगी आयुष्य पुन्हा स्थिरावले नाही. १९३८ मध्ये त्यांनी मार्गारेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. १९४३ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह झाला आणि १९४४ मध्ये पुत्र झाला, त्याचे नाव शिवाजीराव ऊर्फ रिचर्ड. अमेरिकन मातेच्या पुत्राचा गादीवरील हक्क हा वादाचा मुद्दा ठरला आणि १९५० मध्ये भारत सरकारने वारस म्हणून उषाराजे यांना मान्यता दिली. अहिल्याबाईंच्या घराण्यात वारसा पुन्हा एका स्त्रीकडे आला.

१९४७ मध्ये सामिलीकरणाच्या प्रश्नावर भोपाळच्या नवाबांप्रमाणे इंदूरचीही भूमिका प्रारंभी अनिश्चित होती. अखेर यशवंतरावांनी सामीलनाम्यावर सही केली. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. दोन शतकांच्या शिंदे-होळकर स्पर्धेचा शेवट असा एका प्रशासकीय रचनेत झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत राज्यही मध्य प्रदेशात विलीन झाले आणि ते पद संपले. त्यानंतर पाच वर्षांनी महाराजांचे निधन झाले.

पुढील पिढीत होळकरांचे नाव वेगळ्या कामाने टिकले. रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी १९७८ मध्ये महेश्वर येथे रेहवा संस्था स्थापन करून अहिल्याबाईंच्या काळापासूनच्या हातमाग विणकामाला नवे जीवन दिले.

माणिकबागेनंतर

संस्थानाचा महसूल गेला, तनखेही १९७१ मध्ये बंद झाले. अशी वास्तू अखंड वीज, कुशल यंत्रज्ञ आणि सामानाची रोजची निगा यांवर जगते. ती निगा राखणे घराण्याला पूर्वीसारखे शक्य राहिले नाही. १९७० च्या दशकात वास्तू केंद्र सरकारकडे गेली. १९८० मध्ये मोनॅको येथे झालेल्या लिलावात माणिकबागेतील सामान जगभरच्या संग्राहकांनी विकत घेतले. रुलमानची लेखनमेजे आणि मुथेसियसच्या खुर्च्या संग्रहालयांत आणि खाजगी दालनांत पोहोचल्या, जेथे तापमान आणि आर्द्रता आज काटेकोरपणे राखली जाते. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने यशवंतरावांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा विखुरलेल्या त्या वस्तूंपैकी अनेक पुन्हा एका छताखाली आल्या. ते छत इंदूरचे नव्हते.

गोमंतकीय वाचकाला या घराची कथा परकी वाटू नये. गोव्यात पाऊस इंदूरच्या जवळपास तिप्पट पडतो आणि समुद्राच्या सान्निध्याने हवा वर्षभर ओलसर असते. येथील जुन्या घरांनी ओलीशी वेगळ्या रीतीने जमवून घेतले होते: मध्ये राजांगण, उतरती कौले, कौलांखाली हवा खेळणारा माळा, पावसाळ्यात भिंतींना माडाच्या झावळ्यांच्या झापांचे आवरण. त्या घरांत ओल येई आणि निघूनही जाई. आज त्याच गावांत काँक्रीटचे छत, सरकत्या काचा, पत्र्याखाली फोमचा थर आणि खोलीखोलीत वातानुकूलन यंत्र असे घर उभे राहते, आणि मालक परदेशी असल्याने ते वर्षातले अनेक महिने बंद असते. चतुर्थीला दार उघडल्यावर कपाटातील कपड्यांना येणारा कुबट वास आणि देवघराच्या भिंतीवरील काळे ठिपके हा अनेक घरांचा अनुभव आहे.

घर बंद करायचे ठरवले की ओलीची जबाबदारी घरमालकाकडे येते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतील वाफ पंख्याने थेट बाहेर टाकणे, पोटमाळ्यात हवा फिरती ठेवणे, गरजेहून मोठे यंत्र न घेणे, पावसाळ्यात स्वतंत्र आर्द्रताशोषक यंत्र लावणे आणि त्याचे पाणी निचऱ्यात सोडणे, एका साध्या आर्द्रतामापकावर आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहतो की नाही हे पाहणे, ही कामे रोजची आहेत. मुळात छतातून किंवा भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर ते थांबवल्याविना यांतील कोणताही उपाय पुरा पडत नाही.

यशवंतरावांनी हे सारे एका संस्थानाच्या तिजोरीच्या बळावर करून पाहिले. ज्या पत्नीसोबत राहण्यासाठी ते घर उभारले, तिला तेथे चारच वर्षे लाभली. ज्या राज्याच्या जोरावर ते चालवले, ते पंधरा वर्षांत विलीन झाले. भिंती टिकल्या, नाव टिकले. माणिकबागेच्या दालनांत आता कर्मचाऱ्यांची ये-जा असते, आणि श्रावणात माळव्यावर पाऊस धरला की त्या दालनांतही कागदांच्या कडा ओलीने मऊ पडतात.